ओढलेला पाय

परदेशात, पापाकुरा नावाच्या उपनगरातल्या आमच्या घरात शिरलं की आधी तेलाचा वास यायचा, मग फोडणीचा. तिळाच्या तेलात लसूण, ओवा आणि कापूर घालून आई दर रविवारी सकाळी ते कढवायची आणि मोठ्या काचेच्या बरणीत भरून ठेवायची. तो वास पडद्यांत होता, कार्पेटमध्ये होता, माझ्या शाळेच्या जर्सीत होता. हिवाळ्यात हीटर लावला की तो खालून वर यायचा आणि घशाशी चिकटून बसायचा. एकदा बसमध्ये शेजारची मुलगी नाक मुरडून उठून दुसरीकडे जाऊन बसली. मला तिचा राग आला नाही. मला बाबांचा राग आला.

बाबा लोकांची अंगं रगडायचे. कुणाची मान धरली, कुणाची कंबर लचकली, कुणाच्या खांद्यातून चमक निघाली की संध्याकाळी आमच्या दाराशी गाडी थांबायची. पुण्यात बाबा एका कारखान्यात सुपरवायझर होते, हाताखाली चाळीस माणसं होती. इथे आल्यावर ते ईस्ट टामाकीच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवत होते आणि त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान असलेला पोरगा 'मोहन'चं 'मो' करून त्यांना हाक मारायचा. हे त्यांना किती लागलं असेल ते मला आता कळतं, पण त्यासाठी मी त्यांना माफ केलेलं नाही. पुण्यात तरुणपणी ते एका तालमीत जायचे. आत्या सांगायची, जेमतेम दोन महिने गेला, पहाटे उठवेना म्हणून सोडली. आमच्या दिवाणखान्यात त्या दोन महिन्यांची दहा वर्षं झाली, वस्तादांनी मरताना फक्त बाबांनाच दिलेली विद्या झाली, आणि एकदा तर मी माझ्या कानांनी ऐकलं की पुण्यातले हाडांचे डॉक्टरसुद्धा मागच्या दाराने त्यांच्याकडे पेशंट पाठवायचे.

दिवाणखान्यातला सोफा भिंतीला सरकवून मध्ये गादी घातलेली असायची. तिच्यावर एक जुनी चादर, आणि त्या चादरीवर माणसांच्या आकाराचे पिवळट डाग. माणसं शर्ट काढून पालथी पडायची. मी अभ्यास करायचे ते टेबल तिथेच, चार हातांवर. मला पाठी दिसायच्या, केसाळ, घामेजलेल्या, तेलाने चकाकणाऱ्या. बाबा अंगठा रुतवायचे आणि माणूस कण्हायला लागला की समाधानाने म्हणायचे, "सापडली! शीर चढलीय." प्रत्येकाची शीरच चढलेली असायची. संगणकासमोर बारा तास बसणाऱ्याची, पॅकहाउसमध्ये किवीफळांचे ट्रे उचलणाऱ्याची, बाळंतिणीची, ऐंशीच्या म्हाताऱ्याची. कण्हणं जितकं मोठं तितके बाबा खूश. आणि मग आई आतून हाक मारायची, "पानं वाढलीत." बाबा हात नळाखाली नुसते धरायचे, पंचाला पुसायचे आणि पानावर बसायचे. नखांच्या कडेला तेल तसंच असायचं. ज्या बोटांनी पाच मिनिटांपूर्वी कुणाच्यातरी भेगाळलेल्या टाचा चोळल्या, त्याच बोटांनी ते वरणभात कालवायचे आणि कधी लाडात आले की एक घास माझ्या तोंडाशी धरायचे. "घे की गं, बापाच्या हातचा आहे." मी तो गिळायचे. आज या वयातही कुणी हाताने घास भरवायला आलं की माझी मान आपोआप मागे जाते.

पण खरं सांगायचं तर त्या वेळी मला थोडा अभिमानही वाटायचा, आणि या सगळ्यात मला सगळ्यात जास्त किळस त्याच गोष्टीची येते. गणपतीत, हळदीकुंकवाला बायका माझी ओळख करून द्यायच्या, "ही मोहनरावांची वृंदा बरं का." लोक श्रीखंडाचे डबे आणायचे, कुणी घरच्या झाडाच्या फेजोआ फळांच्या पिशव्या आणायचं. तेल कोमट करणं, उशी सारखी करणं, पेशंटला धरून उठवणं ही माझी कामं होती. बाबा म्हणायचे, "हिच्या हातात माझा गुण उतरलाय." मी लाजायचे.

मी सतरा वर्षांची असताना इंदूआजी आल्या. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या नितीनदादाची आई, पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेली. चौऱ्याहत्तर वर्षं, काटक, शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. इथली नातवंडं मराठीला इंग्रजीत उत्तरं द्यायची म्हणून त्या वैतागायच्या आणि तरी रोज त्यांना एक तरी कविता म्हणायला लावायच्या. दुपारी चालत डेअरीपर्यंत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायच्या, दुधाची बाटली घेऊन यायच्या आणि दुकानदाराशी अर्ध्या हिंदीत गप्पा मारायच्या. एका पावसाळी सकाळी सुनेच्या जँडल्स, म्हणजे रबरी सपाता, पायात घालून त्या मागच्या डेकवर वाळत घातलेले कपडे काढायला गेल्या आणि पायरीवरून घसरल्या. डाव्या कुशीवर पडल्या.

नितीनदादाने त्यांना गाडीत घालून सरळ आमच्याकडे आणलं. रविवार होता, बाबा घरी होते. आजी माझ्या आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून लंगडत का होईना, चालत आत आल्या होत्या. हे नीट लक्षात ठेवायला हवं. त्या चालत आत आल्या होत्या.

"दवाखान्यात नेऊ का, काका?" नितीनदादाने विचारलं.

"चालतायत ना? मोडलं असतं तर पाऊल टाकता आलं असतं का?" बाबा म्हणाले. "तिथे नेलंस की सहा तास बाकावर बसवतील आणि पॅनडॉलच्या गोळ्या देऊन घरी पाठवतील. शीर चढलीय. तीन दिवस माझ्याकडे ठेव."

नितीनदादा आणि त्याची बायको दोघंही नोकरीला. दिवसभर आईकडे बघायला कुणीतरी असेल, याच गोष्टीने त्याचा चेहरा मोकळा झाला. आजी गादीवर पडल्या. बाबांनी खुब्यावर हात ठेवला तेव्हा त्यांनी दात आवळले, पण म्हणाल्या, "तुमचा हात हलका आहे हो मोहनराव." तो हलका नव्हता. मला दिसत होतं की चादर त्यांनी मुठीत गच्च धरली आहे. शिक्षिका होत्या, दुसऱ्याच्या घरी होत्या, यजमान कामावरच्या सुट्टीच्या दिवशी आपल्यासाठी खपतोय म्हटल्यावर ओरडायचं कसं?

दुसऱ्या दिवशी बाबा कामावरून आले आणि म्हणाले की शीर अजून खाली येत नाहीये, पाय ओढून बसवावा लागेल. नितीनदादा आणि शेजारचे दोघं-तिघं बघायला बसले होते. प्रेक्षक असले की बाबांच्या अंगात यायचं. मला म्हणाले, "वृंदा, खांदे धर. दाबून धर." मी आजींच्या डोक्याशी गुडघे टेकून बसले आणि त्यांचे खांदे गादीवर दाबले. त्यांची हाडं माझ्या तळव्यांना लागत होती. बाबांनी टाच आणि घोटा धरला, सोफ्याला पाय रोवला आणि ओढलं.

एक आवाज आला. मोठा नव्हता. ओल्या लाकडाचा असतो तसा, आतून. पुढे आयुष्यभर सांधे हाताळले, किती प्रकारचे आवाज ऐकले, पण तो तसा पुन्हा कधी ऐकला नाही. आजींनी तोंड उघडलं आणि त्यातून काहीच आलं नाही. त्यांचे डोळे माझ्याकडे उलटे बघत होते.

"बसली!" बाबा म्हणाले. कपाळावरचा घाम पुसत त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "ऐकलंत ना?" कुणीतरी चक्क टाळी वाजवली. बऱ्याच वेळाने आजींचा श्वास परत आला तेव्हा बाबांनी विचारलं, "बरं वाटतंय ना?" आणि त्या म्हणाल्या, "हो. बरं वाटतंय."

त्यानंतर त्या उठल्या नाहीत. बाबांचं म्हणणं, शीर जागेवर आली की एक दिवस ठणकतंच. आजींना घरी हलवता येईना, म्हणून त्या आमच्याच दिवाणखान्यात राहिल्या. तिसऱ्या दिवशी बाबा कामावर गेले. मला शाळेला सुट्टी होती. आई एक पसरट प्लास्टिकचं घमेलं घेऊन आली, ज्यात आम्ही कपडे धुवायच्या खोलीत स्वेटर भिजवायचो. मी आजींना कमरेखाली हात घालून किंचित उचलायचं आणि आईने घमेलं सरकवायचं. जरा हललं की त्यांच्या तोंडून कुत्र्याच्या पिल्लासारखा आवाज निघे. घमेलं कलंडलं, चादर भिजली, गादी भिजली, तेलाच्या वासात तो दुसरा वास मिसळला. ज्यांनी चाळीस वर्षं वर्गात पोरांना नखं कापून यायला लावलं, त्या बाईंनी तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाल्या, "मला माफ करा हो." त्या आमची माफी मागत होत्या. मी न्हाणीघरात जाऊन उलटी केली. मुताच्या वासाने नाही.

परत येऊन मी त्यांना कोरडे मोजे घालायला बसले. तेव्हा मला त्यांची पावलं दिसली. उजवं पाऊल छताकडे बोटं करून सरळ होतं. डावं पाऊल बाहेरच्या बाजूला पार आडवं पडलेलं, जणू ते त्या पायाचं नव्हतंच. मी दोन्ही टाचा शेजारी शेजारी आणायला गेले. त्या जुळेनात. डावी टाच दोन बोटं वर राहत होती. मला तेव्हा शरीरशास्त्राचं अक्षर माहीत नव्हतं. पण रविवारी ज्या पायांवर त्या चालत आल्या होत्या, ते एका उंचीचे होते, हे मला माहीत होतं.

"आई, आजींचा पाय आखूड झालाय."

आई ओली चादर पिळत होती. तिने येऊन पाहिलं. पाहिलं हे मी शपथेवर सांगेन, कारण तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "बाबांना येऊ दे. ते बघतील."

"बाबांनीच केलंय ते."

"हळू बोल," आई म्हणाली. आजींना ऐकू जाऊ नये म्हणून नव्हे. खिडकी उघडी होती, शेजाऱ्यांना ऐकू जाईल म्हणून.

मी फोन उचलला आणि अँब्युलन्स बोलावली. आई मधे आली नाही, आणि माझ्या बाजूनेही उभी राहिली नाही. ती आत जाऊन कणीक मळायला लागली. अँब्युलन्समधून आलेल्या बाईने पांघरूण बाजूला करून दोन्ही पावलांकडे एकदाच पाहिलं आणि आपल्या सहकाऱ्याकडे बघितलं. मालीश नाही, दाबणं नाही. एक नजर पुरली.

हॉस्पिटलमध्ये फोटो काढले. खुब्याचं हाड मोडलेलं होतं. तरुण डॉक्टर नितीनदादाला समजावत होता की पडल्यावर हाड बहुधा मोडून एकमेकांत रुतून बसलेलं असावं, म्हणून त्या चालू शकल्या. पण आता तुकडे पार सरकलेत. "मधल्या काळात काही झालं का? पुन्हा पडल्या? कुणी पाय हलवला?" नितीनदादाने एकदा माझ्याकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला, "जस्ट रेस्ट. लॉट्स ऑफ रेस्ट." डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे बघितलं. अँब्युलन्स बोलावण्याइतकं धाडस माझ्यात होतं, पण ते तेवढंच पुरलं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, अर्धा सांधा बदलला. त्याच्या दुसऱ्या सकाळी मी आजींजवळ बसले होते, तेव्हा वॉर्डात एक उंच, रुंद खांद्यांची बाई आली. "किया ओरा, मी लोसा, फिजिओ," असा इथला नमस्कार करत म्हणाली. तिची आई सामोआ बेटांवरची, असं तिने नंतर गप्पांत सांगितलं. तिने खुर्ची ओढली आणि आजींच्या डोळ्यांच्या उंचीला येऊन बसली. हात मांडीवर. तिने पहिला प्रश्न विचारला तो पायाबद्दल नव्हता. घरी परत गेल्यावर काय करता यायला हवं, असं तिने विचारलं. मी भाषांतर केलं. आजी माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "तिला सांग, मला एकटीला संडासला जाता आलं पाहिजे. बाकी काही नको." मी सांगितलं. लोसा हसली नाही. तिने आपल्या कागदावर ते लिहून घेतलं, एखाद्या मोठ्या कामाची नोंद करावी तसं.

मग तिने विचारलं, "पायाला हात लावू का?"

"काय म्हणतेय?" आजी.

"हात लावू का, विचारतेय."

आजींना ते समजेचना. "मला विचारतेय? आणि मी नाही म्हटलं तर?"

मी तेही इंग्रजीत सांगितलं. "मग नाही लावणार," लोसा म्हणाली. "स्वीट ॲज. काही हरकत नाही, आपण थांबू."

आजी म्हणाल्या, "मग सांग तिला, आत्ता नको. पाच मिनिटांनी." आणि लोसा खरोखर पाच मिनिटं नुसती बसून राहिली. त्यानंतर आजी वॉकर धरून उभ्या राहिल्या. लोसाचा एक हात त्यांच्या पाठीमागे हवेत होता, लागेल तर धरायला. तो लागला नाही.

दुपारी बाबा आले. इस्त्रीचा शर्ट घालून, हातात सफरचंदांची पिशवी. आधी दोन दिवस ते माझ्याशी बोलले नव्हते. लोसा तेव्हा समोरच्या खाटेवरच्या पेशंटला उठवत होती. बाबांनी तिला ऐकू जाईल अशा आवाजात इंग्रजीत सांगितलं की मीही याच क्षेत्रातला आहे. मग ते आजींच्या पायथ्याशी उभे राहिले, म्हणाले, "मी सांधा मोकळा करून ठेवला होता म्हणून इथल्या डॉक्टरांना ऑपरेशन सोपं गेलं," आणि बोलता बोलता पांघरुणाखाली हात घालून त्यांनी आजींची पोटरी दाबायला सुरुवात केली. सवयीने. अंगठा रुतवून.

आजी म्हणाल्या, "मोहनराव, हात काढा."

बाबा हसले. "अहो, नुसतं..."

"हात काढा म्हणते ना. मला विचारलंत का?" आवाज वर्गातला होता. लोसाला शब्द कळले नाहीत, पण ती वळून आमच्या खाटेशी येऊन उभी राहिली. बाबांनी हात काढला आणि पँटला पुसला. आजींच्या अंगाची घाण लागली असावी तसा.

गाडीत ते म्हणाले, "उपकाराची जाणीव नाही म्हातारीला." पापाकुरा येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते, कारण त्यांच्या स्टिअरिंगवरच्या बोटांकडे बघवत नव्हतं.

इंदूआजी तीन महिन्यांनी पुण्याला परतल्या, काठी घेऊन, जराशा लंगडत. एकटीने संडासला जात होत्या. त्यांनी शेवटपर्यंत कुणाला बाबांबद्दल वाईट सांगितलं नाही, आणि नितीनदादाने तर अजिबात नाही. मी पुढे फिजिओथेरपी शिकले. लोक समजतात वडिलांचा वारसा. मी ते शिकले कारण मला त्या घमेल्याचं उत्तर हवं होतं. आता माझ्याकडे कुणी आलं की मी आधी त्याला दारातून खुर्चीपर्यंत चालताना बघते, मग बसवून विचारते की काय करता येत नाहीये. हात सगळ्यात शेवटी, आणि विचारून. बरीच मंडळी हिरमुसतात. आपली माणसं तर जास्तच. "एवढे पैसे घेता आणि व्यायामच करायला सांगता? जरा दाबून द्या की." कुणी म्हणतं, तुमच्या हातात जादू आहे. मी शांतपणे सांगते, जादू नाही, तुम्ही सहा आठवडे व्यायाम केलात म्हणून खांदा वर गेला. त्यांना ते उत्तर आवडत नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवसाचं. हॉस्पिटलमधून आम्ही घरी पोहोचलो तेव्हा दारात एक गाडी उभी होती. पॅकहाउसमधल्या किवीफळांच्या हंगामासाठी टौरंगाला गेलेले, नुकतेच परतलेले एक गृहस्थ सोफ्यावर बसले होते. मान एका बाजूला कललेली. आईने त्यांना चहा दिला होता. चादर धुऊन पुन्हा गादीवर घातली होती, डाग तसेच होते.

"वृंदा, तेल आण," बाबा म्हणाले. सहज, काही झालंच नाही असं.

"नाही," मी म्हटलं. आणि मग त्या गृहस्थांकडे वळून, डॉक्टरसमोर जे बोलले नव्हते ते मी सांगितलं, "काका, यांनी इंदूआजींचा मोडलेला खुबा ओढला. त्या चालत आल्या होत्या. यांनी ओढल्यावर हाड सरकलं, पाय आखूड झाला. आवाज आला तो मी ऐकला. मी स्वतः खांदे धरले होते. तुम्ही डॉक्टरकडे जा."

आई स्वयंपाकघराच्या दारात थांबली. बाबांचा चेहरा लाल झाला. गृहस्थांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग गादीकडे. मला वाटलं, उठतील आता.

ते उठले. "पोरगी घाबरलीय," ते बाबांना म्हणाले, आणि शर्टाची बटणं काढायला लागले.